सपाट देशातले डोंगर: नेदरलँड्समध्ये नव्याने आलेल्यांसाठी चढाईची वाट

पुणे शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. नेदरलँड्सच्या युरोपातल्या भूमीवरची सगळ्यात उंच जागा आहे ३२२ मीटरवर. लक्ष्मी रोडवर चपला बघत उभा असलेला माणूस या देशाच्या 'शिखरा'पेक्षा दोनशेहून जास्त मीटर उंच असतो. कळसूबाईची १६४६ मीटर उंची तर इथे कुणाला सांगावी, असा प्रश्न पडतो.

आकडे वाचून बरेच मराठी ट्रेकर इथे आल्या आल्या बूट माळ्यावर टाकतात आणि सुट्टी मिळाली की आल्प्स गाठतात. मीही पहिली दोन वर्षं तेच केलं आणि त्याची आजही हळहळ वाटते. आपल्याकडे डोंगर आयते समोर उभे असतात. इथे मात्र उंची शून्याखालून मोजत वर यावं लागतं. तसं क्रमाने वर आलात तर ३२२ मीटरवर उभं राहताना छाती भरून येते. म्हणून हा लेख उंचीच्या क्रमाने लिहिला आहे. कृपया शेवटच्या शिखरापासून सुरुवात करू नका.

आधी एक खुलासा. 'देशातलं सर्वोच्च शिखर कोणतं?' या प्रश्नाला इथे दोन उत्तरं आहेत. १० ऑक्टोबर २०१० पासून कॅरिबियन समुद्रातलं साबा हे चिमुकलं बेट नेदरलँड्सची विशेष नगरपालिका झालं. त्या बेटावरचा माउंट सीनरी हा ज्वालामुखी पावणेनऊशे मीटरच्या आसपास उंच आहे, म्हणून कागदोपत्री पहिला मान त्याचा. विंडवर्डसाइड गावातून ढगातल्या दमट जंगलातून माथ्यापर्यंत १०६४ पायऱ्या जातात. आपल्या गडांवर पायऱ्या मोजत चढणाऱ्यांना हा आकडा ओळखीचा वाटेल. शेजारच्या सिंट मार्टन बेटावरून छोट्या विमानाने साबाला जातात आणि तिथली धावपट्टी जेमतेम ४०० मीटरची आहे. साबा शेंगेन क्षेत्रात येत नाही, त्यामुळे तिकीट काढण्याआधी आपल्या पासपोर्टसाठीचे नियम तपासा. मी अजून गेलेले नाही, म्हणून याहून जास्त सांगत नाही. पुढचं सगळं युरोपातल्या नेदरलँड्सबद्दल आहे.

पहिली पायरी: शून्य बघून या

आम्स्टरडॅमच्या नगरपालिकेची आणि ऑपेराची इमारत एकच आहे. तिला स्टोपेरा म्हणतात. तिच्या आतल्या बोळात एक पितळी गुंडी बसवली आहे, ती म्हणजे 'एनएपी'चा, म्हणजे आम्स्टरडॅमच्या प्रमाण पातळीचा, शून्य. देशातल्या प्रत्येक बांधाची, कालव्याची, टेकडीची उंची या पातळीपासून मोजतात. शेजारी पाण्याने भरलेले काचेचे स्तंभ आहेत. दोन स्तंभांत समुद्राची आत्ताची भरती-ओहोटी दिसते. तिसऱ्यातलं पाणी डोक्याच्या बरंच वर, ४.५५ मीटरवर थांबलेलं आहे. १९५३ च्या पुरात झेलंड प्रांतात पाणी तिथवर चढलं होतं.

त्या तिसऱ्या स्तंभाखाली दोन मिनिटं उभे राहा. या देशाची सुमारे चतुर्थांश जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे. रॉटरडॅम आणि खाउडा यांच्यामधल्या न्यूवरकर्क गावाजवळची जमीन तर पावणेसात मीटर खाली. हे डोक्यात बसलं की 'बर्ग' शब्दाबद्दलचा गैरसमज दूर होतो. डच भाषेत 'बर्ग' म्हणजे डोंगर आणि 'हेउव्हल' म्हणजे टेकडी, पण इथे पन्नास मीटरच्या उंचवट्यालाही लोक प्रेमाने बर्गच म्हणतात. पाणी आलं तर जी जागा कोरडी राहील, तिचं मोल त्यांना पिढ्यान् पिढ्या माहीत आहे.

दुसरी पायरी: घराजवळचं टेकाड

पहिली चढाई घरापासून तासाभराच्या आत असू दे. तुम्ही कुठे राहता त्यावर ती ठरेल.

आम्स्टरडॅम, हार्लेम, आल्कमारकडे असाल आणि लहान मुलं असतील तर स्खोर्लला जा. गावाच्या मधोमध पन्नासेक मीटर उंचीची वाळूची टेकडी आहे आणि मुलं तिच्यावर अनवाणी चढून गडगडत खाली येतात. वाळूत पाय मागे सरतो, त्यामुळे मोठ्यांनाही चांगला दम लागतो. मागच्या बाजूला समुद्रापर्यंत वाळूच्या टेकड्यांची रांग आहे.

उट्रेख्तकरांनी रेनन स्टेशनवर उतरावं. तिथून चालत ग्रेबबर्गवर पोचता येतं. उंची ५२ मीटर, पण दक्षिणेकडची बाजू कड्यासारखी तुटलेली आहे आणि खाली ऱ्हाईनचा फाटा वळण घेत जातो. मे १९४० मध्ये जर्मन सैन्याला इथे डच सैनिकांनी तीन दिवस झुंज दिली. माथ्यावर त्यांची दफनभूमी आहे. तिथे आवाज खाली ठेवा, डबा तिथे उघडू नका.

आर्नहेम, नायमेखन, वाखनिंगनमध्ये राहणाऱ्यांच्या तर दारातच फेलुवे हा जंगल-टेकड्यांचा प्रदेश आहे. आर्नहेमहून साधी लोकल गाडी पकडून रेडन स्टेशनवर उतरा आणि पोसबँकच्या दिशेने चालू लागा. हे फेलुवेझोम राष्ट्रीय उद्यान, १९३० साली स्थापन झालेलं देशातलं पहिलं. पोसबँक नव्वदेक मीटर आणि पुढे सिग्नाल इम्बॉस ११० मीटर. दक्षिणेतल्या लिम्बुर्ग प्रांताबाहेर याहून उंच नैसर्गिक जागा देशात नाही. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत हे उतार हेदरच्या फुलांनी जांभळे होतात. कासच्या पठाराची आठवण येणारच. फरक एवढाच, की इथे एकच झुडूप मैलभर पसरलेलं असतं.

या टेकड्या आल्या कुठून, हे कळलं तर चालताना मजा वाढते. सुमारे दीड लाख वर्षांपूर्वीच्या हिमयुगात उत्तरेकडून बर्फाच्या जिभा इथवर सरकत आल्या. नद्यांनी आणून टाकलेली वाळू आणि गोटे त्यांनी पुढे आणि बाजूला ढकलले. पोळी लाटताना पोळपाटाच्या कडेला पीठ गोळा होतं ना, तसं. फेलुवे, उट्रेख्तजवळची टेकड्यांची रांग, नायमेखनजवळचे उंचवटे, सगळे असेच साचलेले आहेत. म्हणून पायाखाली कातळ कुठेच लागत नाही. लागतात ते लांबून वाहत आलेले गोल गुळगुळीत गोटे. एखादा उचलून बघा.

वाट कशी शोधायची

आपल्याकडे गावातला मामा वाट दाखवतो, इथे खांब दाखवतात. वाटांच्या प्रत्येक फाट्यावर क्रमांक असलेला खांब असतो. आदल्या रात्री नकाशावर बघून १२, ४७, ४८, ३१ असे क्रमांक कागदावर लिहून घ्या आणि एका खांबावरून दुसऱ्याकडे चालत राहा. सायकलींसाठी ही पद्धत १९९०च्या दशकात शेजारच्या बेल्जियममधल्या, लिम्बुर्ग याच नावाच्या प्रांतात सुरू झाली, मग चालणाऱ्यांनीही ती उचलली. याशिवाय पांढरा-लाल पट्टा दिसला तर तो लांब पल्ल्याचा मार्ग समजावा. पट्ट्यांची फुली दिसली तर ती वाट तुमची नाही, मागे फिरा.

जंगलाच्या तोंडाशी हिरवी किंवा पांढरी पाटी असते. तिच्यावर बहुतेक ठिकाणी सूर्योदय ते सूर्यास्त प्रवेश आणि फक्त आखलेल्या वाटांवर चालण्याची परवानगी, असं लिहिलेलं असतं. ही पाटी मनावर घ्या. 'इकडून शॉर्टकट मारू' ही आपली सवय इथे सोडावी लागते. वाटेच्या बाजूला जमिनीवर घरटी करणारे पक्षी असतात.

फेलुवेमध्ये लांब केसांच्या, मोठ्या शिंगांच्या स्कॉटिश गाई मोकळ्या चरतात. दिसायला शांत असल्या तरी वासरू जवळ असेल तर त्या अंगावर येऊ शकतात. पंचवीस मीटर अंतर ठेवा आणि आई-बाबा भारतातून आलेले असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा. गाय दिसली की नमस्कार करायला पुढे होणारी माणसं आपली. नमस्कार लांबूनच.

गाईपेक्षा जास्त जपायचं ते गोचिडीपासून. इथल्या गवतातल्या, झुडपांतल्या गोचिडीमधून लाइम नावाचा आजार होऊ शकतो. मार्च ते ऑक्टोबर लांब पँट घाला आणि पायमोजे वर ओढा. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांच्या कडेला, मुलांच्या कानामागे नीट बघा. गोचीड दिसली तर चिमट्याने किंवा औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या खास साधनाने लगेच काढा. तेल लावणं, जाळणं असले घरगुती उपाय करू नका. तारीख लिहून ठेवा. पुढच्या काही आठवड्यांत त्या जागेभोवती लाल वर्तुळ पसरलं किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवा.

तिसरी पायरी: लिम्बुर्ग

आता खरा डोंगराळ भाग. आइंडहोवनहून मास्ट्रिख्ट रेल्वेने तासाभरावर, उट्रेख्तहून दोन तास, आम्स्टरडॅमहून अडीच. एका दिवसात जाऊन येता येतं, पण माझं ऐकाल तर एक रात्र राहा.

मास्ट्रिख्ट स्टेशनबाहेरून फाल्सकडे, तिथून पुढे जर्मनीतल्या आखनला जाणारी ३५० क्रमांकाची बस सुटते. बसमध्ये चढताना बँकेचं कार्ड यंत्राला टेकवायचं, उतरतानाही विसरायचं नाही. या बसमध्ये उजव्या-डाव्या कुठल्याही खिडकीशी बसा आणि फोन खिशात टाका. शहर संपल्यावर रस्ता वर चढतो, पठारावर येतो आणि मग खुल्पनकडे उतरायला लागतो. इथल्या सपाट जमिनीत वर्षभर काढलेल्या माणसाला त्या उतारावर पोटात हलकं होतं. मला पहिल्यांदा खंबाटकी घाट उतरताना होतं तसं झालं होतं, आणि मी शेजारच्या आजींकडे बघून हसले. त्या म्हणाल्या, "हॉलंडहून आलात वाटतं." लिम्बुर्गची माणसं उत्तरेकडच्या सपाट भागाला परक्या देशासारखं 'हॉलंड' म्हणतात.

इथल्या टेकड्या फेलुवेसारख्या बर्फाने ढकललेल्या नाहीत. आर्डेन आणि आयफेल या डोंगररांगांबरोबर जमीन हळूहळू वर उचलली गेली आणि मास नदी व तिच्या उपनद्यांनी ती कापत नेली. म्हणून इथे दऱ्या आहेत. वर पिवळसर लोएस माती, खाली चुनखडी. उतारावर आडव्या, झुडपांनी भरलेल्या पट्ट्या दिसतील. त्या म्हणजे माती वाहून जाऊ नये म्हणून शेतकऱ्यांनी राखलेले बांध. कोकणातल्या किंवा मावळातल्या शेताचा बांध आठवतो, तेच डोकं, तीच गरज. पाऊस झाला की हीच लोएस माती साबणासारखी निसरडी होते. लिम्बुर्गला जाताना खोल खाचांचे बूट हवेतच, स्नीकर चालणार नाहीत.

फाल्सरबर्ग: ३२२ मीटर

नावाचं स्पेलिंग 'व्ही'ने सुरू होतं, पण उच्चार 'फ'कडे झुकतो. माथ्यावर जायचे दोन पर्याय आहेत.

सोपा पर्याय: फाल्स गावात बसमधून उतरा आणि तिथून चढत जाणारा फिरग्रेन्झनवेख हा रस्ता धरा. तीनेक किलोमीटर, शंभरेक मीटर चढ, सावकाश तास लागतो. आजी-आजोबा, बाबागाडी, सगळ्यांना जमतं. रस्त्याच्या नावाचा अर्थ 'चार सीमांचा रस्ता', आणि वर तर तीनच देशांच्या सीमा भेटतात: नेदरलँड्स, बेल्जियम, जर्मनी. चौथी सीमा होती तटस्थ मोरेस्ने नावाच्या साडेतीन चौरस किलोमीटरच्या तुकड्याची. तिथल्या जस्ताच्या खाणीवर कुणाचा हक्क, यावर १८१६ मध्ये डच आणि प्रशियन राज्यांचं एकमत होईना, म्हणून तो तुकडा कुणाचाच नाही असं ठरलं. पहिल्या महायुद्धानंतर तो बेल्जियमला मिळाला. १९०८ च्या सुमारास तिथल्या काही लोकांनी एस्परांतो या मुद्दाम घडवलेल्या जागतिक भाषेचं राज्य उभारायचा बेतही केला होता. इतका सुंदर इतिहास एका रस्त्याच्या पाटीवर राहून गेला आहे.

दुसरा पर्याय, जो मी स्वतः नेहमी घेते: फायलन गावातून सुरुवात. या गावाला लोक कौतुकाने देशातलं एकमेव 'डोंगरी गाव' म्हणतात. टेकडीवरच्या चर्चचा मनोरा लांबून दिसतो. तिथून फायलनच्या जंगलात शिरा आणि सोंडेवरून पूर्वेला चालत राहा. दीड-दोन तास लागतात. बीचची उंच झाडं, खाली वाळलेल्या पानांचा गालिचा आणि मधेच झाडी विरळ झाली की दक्षिणेला ख्यूल नदीचं खोरं आणि पलीकडे बेल्जियमच्या टेकड्या. या वाटेने गेलं की माथ्याला पाय लागण्याआधी चढ अंगात भिनतो.

माथ्यावर गर्दी असते, हे आधीच सांगते. गाड्या लावायची जागा, खाण्याची दुकानं, झुडपांचा चक्रव्यूह, काचेची जमीन असलेला मनोरा. बेल्जियमच्या बाजूला पन्नास मीटर उंचीचा आणखी एक मनोरा. पहिल्यांदा जाणाऱ्यांचा इथे विरस होतो, कारण झाडांमुळे माथ्यावरून फारसं काही दिसत नाही. मनोऱ्यावर चढा, पैसे वसूल होतात.

एक चूक बहुतेक सगळे करतात. तीन देशांच्या खांबापाशी फोटो काढून परत फिरतात. तो खांब आणि सर्वोच्च बिंदू एक नाहीत. उंचीची खूण काही पावलांवर वेगळी आहे, ती शोधा. तिथेच बेल्जियमशी असलेल्या सीमेवरचा पहिल्या क्रमांकाचा सीमाखांबही आहे. शेवटचा, क्रमांक ३६९, पार पश्चिमेला समुद्राकाठी. देशाच्या सगळ्यात उंच कोपऱ्यातून निघालेली रेघ वाळूत जाऊन मिळते, हे मला फार आवडतं.

सीमेवर फाटक नाही, तरी पासपोर्ट आणि निवास परवाना जवळ ठेवा. चौदा वर्षांवरच्या प्रत्येकाला या देशात ओळखपत्र दाखवता आलं पाहिजे, आणि सीमाभागात तपासणी होऊ शकते. फोन मधेच जर्मन किंवा बेल्जियन नेटवर्क पकडतो, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्या. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो. एकदा नोव्हेंबरमध्ये मी जंगलात उशीर केला आणि शेवटचा तास फोनच्या उजेडात चिखल तुडवत उतरले. तेव्हापासून डोक्याला लावायची विजेरी पिशवीतून काढत नाही. अडचणीत सापडलात तर ११२.

खाली उतरल्यावर बेकरीत शिरा आणि तांदळाचा व्लाय मागा. जाड बोटभर काठाच्या पोळीत घट्ट तांदळाची खीर भाजलेली, वर हलका तपकिरी डाग. त्यात अंडं असतं, न खाणाऱ्यांनी जर्दाळूचा किंवा चेरीचा घ्यावा, पण तोही विचारून.

सायकलवाल्यांसाठी थोडंसं

फाल्कनबुर्गचा काउबर्ग हा १९६६ पासून होणाऱ्या आमस्टेल गोल्ड सायकल शर्यतीमुळे प्रसिद्ध झालेला चढ. त्याहून अवघड क्योटनबर्ग, जिथे रस्ता २२ टक्क्यांपर्यंत उभा होतो. चढताना उतरून ढकलत नेलीत तर कुणी काही म्हणत नाही. उतरताना मात्र, पायडल उलटं फिरवून ब्रेक लावायची बिनगिअरची शहरी सायकल इथे अजिबात आणू नका. भाड्याने गिअरची किंवा विजेवरची सायकल घ्या.

लांडग्राफमधली विल्हेल्मिनाबर्ग ही टेकडी खाणीतून निघालेल्या दगडमातीच्या ढिगाची आहे. तिच्यावर सरळ रेषेत पाचशेहून जास्त पायऱ्या जातात. सिंहगडाच्या रविवारची सवय मोडू द्यायची नसेल तर याहून चांगली जागा नाही. लिम्बुर्गमधल्या कोळशाच्या खाणी १९७४ अखेर बंद झाल्या.

परतीच्या वाटेवर: सिंट पीटरची टेकडी

दुसऱ्या दिवशी गाडी पकडण्याआधी मास्ट्रिख्टच्या दक्षिणेची सिंट पीटर्सबर्ग टेकडी बघा. उत्तर टोकाच्या पीटरबुरेन गावापासून सुमारे ५०० किलोमीटर चालत आणणारा पीटरपाड मार्ग इथे संपतो. १९८३ मध्ये दोन मैत्रिणींनी आखून पूर्ण केलेला हा मार्ग तुकड्या-तुकड्याने वर्षभरात चालून होतो. या लेखातल्या टेकड्यांची गोडी लागली तर पुढचा बेत तोच.

टेकडी आतून पोखरलेली आहे. शेकडो वर्षं इथला मऊ पिवळा चुनखडीचा दगड करवतीने कापून नेला. आतल्या बोगद्यांत फक्त वाटाड्याबरोबर जाता येतं आणि भर उन्हाळ्यातही तिथे गारठा असतो, जाकीट न्या. अठराव्या शतकात इथेच मोसासोर या प्रचंड समुद्री सरड्याचा जबडा सापडला. फ्रेंच सैन्याने तो पॅरिसला नेला, अजूनही तिथेच आहे.

आणि मराठी माणसाने इथे यायलाच हवं, त्याचं कारण या दगडाचं वय. डायनासोरच्या शेवटच्या कालखंडाला भूशास्त्रात 'मास्ट्रिख्टियन' म्हणतात, ते नाव या गावावरून पडलं. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी तो कालखंड संपत आला तेव्हा इथे उबदार उथळ समुद्र होता आणि शंख-शिंपल्यांचा चुरा तळाशी साठत होता. त्याच सुमारास दख्खनमध्ये लाव्हाचे थर एकावर एक पसरत होते, ज्यांतून पुढे आपला सह्याद्री कोरला गेला.

सिमेंटच्या जुन्या खाणीच्या काठावर पाहण्यासाठी लोखंडी सज्जा आहे आणि तिथून खाली जिना उतरतो. खाणकाम २०१८ मध्ये थांबलं, आता खाली निळसर-हिरवं पाणी आणि कपारींत मोठी घुबडं आहेत. जिन्याशी दगडाला बोट लावून बघा, पिवळी पूड हाताला येते. रायगडाचा कातळ असा कधी झडत नाही. स्टेशन तिथून चालत तासाभरावर आहे. रविवारी संध्याकाळच्या गाड्या भरून जातात, त्यामुळे चारच्या आत निघा.